मुका गज

"नानाजी! अबे थांब ना गा!"

बाबूलाल ओठ न हलवता पुटपुटला, पण पुटपुटून काय होणार होतं? धंतोलीतल्या आनंदराव वकिलांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर लग्नाची पंगत बसली होती आणि कोपऱ्यातल्या चार खुर्च्यांपैकी तीन गप्प झाल्या होत्या. गत संपली होती. बाबूलालने व्हायोलिन खाली घेतलं, चंद्रभानने घेतलं, नत्थूजीने दोन गुडघ्यांत धरलेल्या मोठ्या बाजावरून गज उचलला. चौथा, नानाजी पराते, डोळे मिटून वाजवतच राहिला. बरं, वाजवत होता तेही बेसूर. तिघांच्या सोबतीत झाकून जाणारा बेसूर आता एकटाच, उघडाबोडका, साऱ्या पंगतीवर पसरला.

बायकांनी पदर तोंडाला लावले. वरच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, बुढ्याची चावी काढा रे!" आणि मग हसू दाबायचं कारणच उरलं नाही. वाढपीसुद्धा बुंदीचं पातेलं खाली ठेवून हसले.

नत्थूजीने गजाच्या टोकाने नानाजीच्या गुडघ्याला टोचलं. नानाजीने डोळे उघडले. तिघांकडे पाहिलं, पंगतीकडे पाहिलं.

"संपलं का? मले वाटलं अजून एक फेरा हाये," तो म्हणाला आणि सगळे हसताहेत म्हणून आपणही हसला.

वकिलांच्या घरचा एक माणूस येऊन फार अदबीने म्हणाला, "आता राहू द्या. आम्ही रेकॉर्डच लावतो." नत्थूजीने मान डोलावली. सामान आवरताना तिघांपैकी एकही जण नानाजीच्या डोळ्याला डोळा देईना.

आता तुम्ही म्हणाल, गोळीबार चौकाच्या मागे, जिथे घरोघर हातमाग खटखटायचे, त्या विणकरांच्या वस्तीत हे व्हायोलिनचं खूळ आलं कुठून? आलं अजनीहून. तिथल्या रेल्वे कॉलनीत व्हायोलिन शिकवणारा एक गोवेकर मास्तर राहायचा. नानाजी आणि नत्थूजी ऐन जवानीत लुगडी विकायला कॉलनीत फिरायचे आणि त्याच्या खिडकीशी येऊन थबकायचे. लुगडी राहायची डोक्यावर आणि हे आपले उभे. एक दिवस मास्तरने त्यांना आत बोलावलं, बोटं चाचपून पाहिली. दिवसभर धागा हाताळणाऱ्याची बोटं कशी असतात ते त्याला तिथेच कळलं असावं. पुढे बाबूलाल आणि चंद्रभान येऊन मिळाले. मास्तर गावी परतला तेव्हा दोन व्हायोलिनं, त्यांचा एक थोराड भाऊ, म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, आणि तो मोठा बाजा असं सगळं या चौघांना देऊन गेला. लोक त्यांना फिडलपार्टी म्हणू लागले. सीताबर्डीचे व्यापारी, धंतोलीचे डॉक्टर-वकील, सगळ्यांच्या लग्नात पंगतीला बारीक आवाजात वाजायला हीच पार्टी असे.

मास्तरने वाद्यांसोबत दोन नियमही दिले होते. चारही गजांना राळ एकाच माणसाने लावायची, म्हणजे तारेवर चौघांची पकड सारखी राहते. ते काम नत्थूजीचं. वाजवण्याआधी तो सगळ्यांकडे पाठ करून बसायचा आणि एकेक गज घासून हातात द्यायचा. दुसरा नियम म्हणजे खुर्ची रिकामी दिसता कामा नये. कोणी आजारी पडला, तर कोपर हलवू शकेल असा कोणीही आणून बसवायचा आणि त्याच्या गजाला राळेऐवजी साबण फासायचा. साबणाचा गज तारेवरून नुसता घसरतो, हूं की चूं करत नाही. लोकांना चौघं दिसतात, ऐकू तिघं येतात. त्याला ही मंडळी मुका गज म्हणायची. बाबूलालच्या हाताला गळू झालं तेव्हा त्याच्या साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, असाच बसवला होता. सर्वांत जास्त टिंगल केली होती ती नानाजीने. "पाह्य गा, पाह्य! मुका नवरदेव कसा तोऱ्यात बसला!" म्हणून तो आठवडाभर त्या गरिबाच्या मागे लागला होता.

हातमाग बसले तेव्हा नानाजी पावरलूमच्या शेडमध्ये लागला. त्या टिनाच्या छपराखाली माणूस शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलतो. वर्षानुवर्षं ते खडखडणं कानात ओतून घेतल्यावर कान किती टिकणार? आधी पाखरं गेली, मग बायकोची हाक गेली, मग कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय काहीच पोचेना. मैनाबाई त्याला धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, नस सुकली आहे, आता मशीननेही फरक पडायचा नाही. नानाजीने डॉक्टरचे ओठ पाहिले, मैनाबाईचा चेहरा पाहिला आणि घरी येताना रिक्षात तिला सांगितलं, "कान गेले तं गेले वं. हनुवटी हाये ना."

हे त्याचं हनुवटीचं तत्त्वज्ञान होतं. व्हायोलिनवर हनुवटी टेकवली की तारेची थरथर हाडातून डोक्यात चढते आणि मला सगळं ऐकू येतं, असं तो छातीठोकपणे सांगायचा. थरथर येत होती हे खरं. पण बोट केसभर वर पडलं की खाली, हे हाड सांगत नाही. तेवढंच तो ऐकायला तयार नव्हता, आणि ऐकवणार तरी कसं?

त्याची एकुलती एक पोरगी सुभद्रा. लहानपणी मागाच्या खड्ड्याशेजारी गोधडीवर पडून ती बापाचा रियाज ऐकायची आणि चुकलं की झोपेतूनही "अंहं" म्हणायची. तेव्हा तिने बापाकडून कबूल करून घेतलं होतं, की तिच्या लग्नाच्या पंगतीला तो स्वतः वाजवणार. नानाजीच्या आयुष्यात बाकी कबूल केलेलं फारसं काही पार पडलं नव्हतं. माग गेला, पोटचे दोन पोरगे तापात गेले. हे एक राहिलं होतं.

सुभद्राचं जमलं ते पारशिवनीला. मंडळी आपल्यातलीच, पण आजोबांच्या काळापासून शेतीत गेलेली. मुलगा शाळामास्तर. मुलाचे वडील वामनराव म्हणजे मोकळा माणूस, मोठ्याने बोलणारा, मांडी थोपटून हसणारा. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी नानाजीच्या ओसरीवर चहा-फराळ होऊन पानं फिरली आणि वामनरावांना गंमत सांगायची हुक्की आली.

"धंतोलीत एका वकिलाच्या घरी लग्नाले गेल्तो आमी. लय लांब बसलो होतो. जेवून राहिलो, अन् कोपऱ्यात फिडलवाले. तिघं थांबले, तरी एक बुढा आपला घासूनच राहिला! कुंई... कुंई... बाप्पा, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावानी! हसता हसता बुंदी नाकात गेली माह्या!"

ओसरी हसून लोळली. नानाजीने पाहिलं, सगळे हसताहेत, व्याही तर डोळे पुसताहेत. मग तोही हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला आणि वामनरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "इवाई, लग्नात पंगतीले आमचीच पार्टी वाजवंल बरं का. मी स्वतः बसीन!"

"तुमी बी वाजवता? वा, बढिया!" वामनराव म्हणाले.

आतल्या दाराशी सुभद्रा सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. पेले एकमेकांवर किणकिणू लागले तशी मैनाबाईने ट्रे तिच्या हातातून काढून घेतला.

पाहुणे गेल्यावर भांडी घासताना मैनाबाईने विचारलं, "मी सांगू का वं तुह्या बाबाले, नोको वाजवा म्हनून?"

"नोको माय. त्याईचं दुसरं काय रायलं?" सुभद्रा म्हणाली. हातातली परात तशीच धरून पुढे म्हणाली, "अन् तिकडचे हसले तं? मले जलमभर त्याईच्याच घरी राहाचं हाये. कोनी मांजर म्हटलं की मले बाबा दिसतीन."

मैनाबाईने पुढचं भांडं घासायला घेतलं.

नानाजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खुशीत होता. सीताबर्डीला जाऊन त्याने पोरीसाठी पेटी आणली, फणी-आरसा आणला आणि चंदनाच्या साबणाचा डबा आणला. दुकानात त्याने म्हणे डझनभर साबण हुंगून पाहिले. कान गेल्यापासून त्याचं नाक तिखट झालं होतं. डबा सुभद्राच्या नाकाशी धरून तो म्हणाला, "पाह्य, कसा वास हाये! सासरी न्हाशील तं घरभर दरवळंल. लोकं म्हणतीन, परात्याची पोट्टी आली."

लग्न तोंडावर आलं तेव्हा नत्थूजी मन घट्ट करून आला. लहानपणापासूनचा दोस्त, सांगायचं तर त्यानेच सांगायला हवं होतं. नानाजी ओसरीवर रियाज करत होता. समोरच्या नळावर बायकांची रांग लागली होती आणि नानाजीचा एकेक सूर ऐकून त्या एकमेकींना कोपरं मारत होत्या.

नत्थूजी जवळ बसला. हळूच म्हणाला, "नानाजी, लग्नात तू नोको बसू."

"काय?"

"म्हटलं, तू नोको बसू गा."

"काय म्हणून राहिला? मोठ्यानं बोल ना! तोंडात काय सुपारी धरली का?"

नळावरच्या बायका वळून पाहू लागल्या. बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, म्हणजे त्याच्याआधी ते साऱ्या गल्लीला कळतं. नत्थूजीने बायकांकडे पाहिलं. त्याने तोंड नानाजीच्या कानाला लावलं आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "म्हटलं, तारा नव्या लाव!"

"लावल्या ना! पाह्य!" नानाजीने व्हायोलिन पुढे केलं.

सुभद्रा नत्थूजीला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेली.

"सांगितलं, काका?"

"नाई वं बाई. नाई जमलं मले."

"मंग राहू द्या," ती म्हणाली. पण परत फिरली नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत तिथेच उभी राहिली.

लग्न वैशाखातलं, सकाळच्या मुहूर्ताचं. वस्तीमागच्या मैदानात, कडुनिंबांच्या सावलीला धरून मांडव घातला होता. घरात नुसती घाई. मैनाबाई रुखवताची पेटी लावता लावता ओरडली, "ही साबन कोनं फोडली वं? नव्या डब्यातली!"

"मीच," सुभद्रा म्हणाली. "हळदीचे हात धुवाले."

"हळदीच्या हाताले चंदनाची साबन! शहाणीच हायेस." मैनाबाईने वडी पुसून पुन्हा कागदात गुंडाळली.

अक्षता पडल्या. नानाजीने कन्यादान केलं. नवरा-नवरीला समोरच्या उंच खुर्च्यांवर बसवलं, पत्रावळी मांडल्या गेल्या, वांग्या-आलूच्या भाजीचा वास मांडवभर सुटला. नानाजी लगबगीने घरात जाऊन पांढरा सदरा आणि काळी टोपी घालून आला. नवरीच्या बापाने पंगतीत आग्रह करत फिरायचं सोडून बाजा घेऊन बसायचं, यावर एकदोघं कुजबुजलेही. वामनरावांनी मात्र वरपक्षाच्या रांगेतून हात उंच करून ओरडून सांगितलं, "होऊ द्या, इवाई!"

निंबाखाली चार खुर्च्या होत्या. नत्थूजी पाठ करून बसला होता. आज त्याला फार वेळ लागत होता.

"अबे, काय दोरखंड वळून राहिला का?" नानाजी म्हणाला.

नत्थूजीने एकेक गज मागे सरकवला. बाबूलालचा, चंद्रभानचा, शेवटी नानाजीचा. तोंड काही वळवलं नाही.

बाबूलालने मान हलवून ताल दिला. नानाजीने डोळे मिटले, हनुवटी टेकवली आणि गज ओढला.

काहीच आलं नाही.

त्याला वाटलं, तार उतरली असेल. जोर देऊन पुन्हा ओढला. गज तेलकट फळीवरून सरकावा तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पकड नाही, थरथर नाही. हनुवटीखालचं लाकूड मेल्यासारखं पडलं होतं. इतके दिवस तेवढ्या एका थरथरीवर तो जगत होता. त्याने डोळे उघडून गजाचे केस पाहिले. त्यांच्यावर ओशट चकाकी होती.

मुका नवरदेव!

नानाजीच्या कानशिलांत रक्त चढलं. नत्थू! एका ताटात जेवलेला, पोरं गेली तेव्हा दोन्ही वेळा सोबत मसणात आलेला नत्थू! माझ्या पोरीच्या लग्नात मले बाबूलालच्या साळ्यावानी बसवलं? उठावं आणि हे व्हायोलिन त्याच्या टाळक्यात घालावं, असं त्याला वाटलं. खरोखरच तो खुर्चीतून अर्धा उठला. नत्थूजी मान खाली घालून वाजवत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

उठताना गज नानाजीच्या तोंडासमोरून गेला आणि वास आला.

चंदनाचा.

त्याने पुन्हा हुंगलं. चुकायचा प्रश्नच नव्हता, हा वास त्याने स्वतः निवडला होता.

नानाजीने समोर पाहिलं. मुंडावळ्यांच्या आडून सुभद्रा त्याच्याकडेच पाहत होती. तो उठला हे तिने पाहिलं होतं. तिची पापणी लवत नव्हती. शालूचा काठ तिने मुठीत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. लहानपणी मागाशेजारी पडून "अंहं" म्हणणारी पोर आज काही म्हणत नव्हती. नुसती मागत होती.

नानाजी खाली बसला.

त्याने बाबूलालच्या कोपरावर नजर लावली. कोपर वर गेलं की याचं वर, खाली आलं की याचं खाली. जन्मभर डोळे मिटून वाजवलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा डोळे सताड उघडे ठेवून वाजवलं. एक गत झाली, दुसरी झाली. पंगत उठून दुसरी पंगत बसली. बोटं तारेवर जिथल्या तिथे पडत असतील की नसतील, त्याला आता अर्थ नव्हता, तरी तो ती जपून ठेवत होता. शेवटच्या गतीला बाबूलालचा गज थांबला त्याच क्षणी त्याचाही थांबला. कोणी हसलं नाही.

वामनराव खरकटा हात तसाच धरून धावत आले. "वा, इवाई, वा! याले म्हणतेत वाजवनं! त्या धंतोलीच्या बुढ्याले आनून तुमच्या पायाशी बसवाले पायजे होतं!"

नानाजीने नत्थूजीकडे पाहिलं. "काय म्हणते?"

नत्थूजीने तोंड त्याच्या कानाशी नेलं. "मस्त झालं म्हणते!"

"हो," नानाजी म्हणाला. "तुमी तिघायनं बढिया वाजवलं."

नत्थूजी तसाच वाकलेला राहिला. नानाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा आधार घेऊन तो उठला.

ऊन उतरल्यावर पारशिवनीची बस निघाली. त्याआधी सुभद्रा पाया पडायला आली. नानाजीने तिला उठवलं तशी ती गळ्यात पडली आणि कानाला तोंड लावून काहीतरी बोलू लागली. ओरडून नव्हे, अगदी हळू, एकसारखं, पुष्कळ वेळ. त्याला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. फक्त तिचा ऊन ऊन श्वास कानाला लागत होता.

"हो वं माय," तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "आयकलं. सारं आयकलं मी."

दिवेलागणीला घर रिकामं झालं. ओसरीवर अक्षतांचे दाणे आणि चुरगळलेली फुलं पडली होती. मैनाबाई केर काढता काढता खुंटीजवळ आली आणि तिने गज हातात घेतला. केसांना बोट लावलं. बोट चिकट झालं. तिने ते नाकाशी नेलं आणि सकाळची फोडलेली वडी तिच्या डोळ्यांपुढे आली. तिने डोळ्यांना पदर लावला आणि काहीतरी करायलाच हवं म्हणून चुलीवर पाणी ठेवलं. नानाजीला दिसेल असं हातांनी दाखवत म्हणाली, "धुऊन देतो. गरम पान्यानं निघंल सारं. उद्या राळ लावा, मंग वाजंल."

नानाजीने तिच्या हातातून गज काढून घेतला.

"नोको धू," तो म्हणाला. "पोरीचा वास हाये त्याले."

व्हायोलिन त्याने पेटीत ठेवलं आणि पेटी फळीवर चढवली. गज तेवढा उशाशी घेतला आणि भिंतीकडे तोंड करून तो आडवा झाला.